टेलफर्डचा शनिवार

पहाटे ५.४५

डब्यात आधी फोम, त्यावर मऊ कागद, मग विमान. लेकीने रात्रीच सगळं नीट बसवून ठेवलं होतं, तरी निघण्याआधी झाकण उघडून पाहिलंच. "आई, डबा मी धरणार. तू तिकिटं धर." वय वर्षं दहा.

विमान आहे फॉलंड नॅट, १/७२, भारतीय हवाई दलाचं, चंदेरी. चंदेरी रंग काही लपवत नाही. डाव्या पंखावर तिच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलाय. बारीक पॉलिशपेपर फिरवून वर एक हात मारला असता तर तो तासाभरात गेला असता, आणि तसं मी तिला सांगितलंही. तिने विचार केला आणि राहू दे म्हणाली, म्हणून राहिला. मुलांच्या गटात आईबापांच्या हातची मॉडेल मांडलेली दिसतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. दहा वर्षांच्या हाताला जे जमतं तेच टेबलावर जावं.

सकाळी ७.१५

बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटवरून टेलफर्ड सेंट्रल, पाऊण तासाच्या आसपासचा प्रवास. ब्रिटनच्या प्लास्टिक मॉडेलर संस्थेचं, आयपीएमएसचं, 'स्केल मॉडेलवर्ल्ड' दर नोव्हेंबरात टेलफर्डच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये भरतं. आमच्या डब्यातच मांडीवर खोकी घेतलेले आणखी दोघं-तिघं दिसले. कुणी कुणाशी बोललं नाही, पण गाडीने वळण घेतलं की सगळ्यांचे हात एकदम खोक्यावर जात होते.

सकाळी ८.४५

मला क्लबच्या टेबलाचं काम. कापड अंथरायचं, मॉडेल मांडायची, माहितीच्या चिठ्ठ्या लावायच्या. लेक स्पर्धेच्या दालनात जाऊन स्वतःचा अर्ज स्वतः भरून आली. विमान टेबलावर ठेवताना तिने श्वास रोखला होता, एवढं मी लांबून पाहिलं.

सकाळी १०

दारं उघडली आणि गर्दी आत आली. माझी पाळी दुपारी, त्यामुळे आता दोन तास आमचे.

इथे दुकानं भरपूर आहेत, पण मला विचाराल तर खरं प्रदर्शन क्लबांच्या टेबलांवर असतं. बनवणारा माणूस मॉडेलच्या मागे बसलेला असतो आणि विचारलं की सांगतो. रणगाड्यांच्या टेबलावरच्या आजोबांना लेकीने विचारलं, विमानं १/७२ आणि रणगाडे १/३५, असं का? १/७२ चं उत्तर सोपं: सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो. १/३५ चं मात्र कुठल्याच सोप्या मापाशी जुळत नाही. आजोबा खुलले. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं चालणारं किट काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात एवढ्याच हिशेबाने त्याचा आकार ठरला. तो रणगाडा खपला, पुढचे त्याच मापाचे निघाले, आणि इतर कंपन्यांनीही तेच माप धरलं. लेकीने हे वहीत लिहून घेतलं. यंदाच्या दिवाळीत आमच्या मागच्या अंगणातल्या किल्ल्यावर मावळे दरवाज्यापेक्षा उंच झाले म्हणून ती दोन दिवस अस्वस्थ होती; शेवटी तिने दरवाजाच पाडून मोठा बांधला. मापाचं तिला पटकन कळतं.

पुढच्या टेबलावर एक बाई रंगाचे पोपडे कसे दाखवायचे ते शिकवत होत्या. खाली धातूचा रंग, त्यावर केसांना मारायचा साधा स्प्रे, वर पाण्यातला ॲक्रिलिक रंग. सुकल्यावर ओल्या ब्रशने चोळलं की स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग तुकड्यातुकड्यांनी सुटतो. त्यांनी एक जुना पंख लेकीच्या हातात दिला आणि विचारलं, रंग कुठे जाईल सांग बरं? ती भराभर सगळीकडे घासायला निघाली होती, ती थांबली. वैमानिक चढतो कुठून? मेकॅनिक पाय कुठे ठेवतो? मग तिने फक्त पंखाच्या मुळाशी, कॉकपिटच्या बाजूला घासलं. मला वाटतं त्या पाच मिनिटांसाठी पहाटे उठणं सार्थकी लागलं. खऱ्या वस्तूवर माणसाचे हातपाय कुठे पडतात हे तिने डोक्यात चालवून पाहिलं, आणि हे किटच्या सूचनापत्रिकेत छापलेलं नसतं.

दुपारी १२

भाजी-पोळीचा डबा, भिंतीला टेकून. मग दोन वाजेपर्यंत माझी पाळी. लेकीला कंटाळा येईल म्हणून पुस्तक आणलं होतं. ते उघडलंच नाही, कारण कुणीतरी नॅटबद्दल विचारलं.

ब्रिटिश माणसासमोर नॅट म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे लाल रंग येतो. रेड ॲरोज या कसरतीच्या पथकाने १९६५ ते १९७९ नॅटच उडवली, ती दोन आसनांची, प्रशिक्षणाची. त्यामुळे एकआसनी, चंदेरी, तिरंगी गोलाचं नॅट कुणाचं, हा प्रश्न येतोच. लेक सांगू लागली. लढाऊ विमानं फार जड आणि महाग होत चालली आहेत म्हणून डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी हे छोटं विमान आखलं. ब्रिटनने लढाईसाठी घेतलं नाही. भारताने घेतलं, बंगळूरला एचएएलमध्ये बांधलं. १९६५ च्या युद्धात ते पाकिस्तानच्या सेबर विमानांशी भिडलं आणि 'सेबर स्लेयर' म्हणून गाजलं. १९७१ मध्ये श्रीनगरवर निर्मलजीत सिंग सेखोंनी हेच विमान एकट्याने लढवलं, त्यात ते गेले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. ऐकणाऱ्याने किती मोठं होतं विचारल्यावर तिने बोटांनी दाखवलं: पंखांचा पसारा खरा पावणेसात मीटर, तिच्या मॉडेलवर साडेनऊ सेंटिमीटरसुद्धा नाही. स्पिटफायर त्याच मापात साडेपंधराच्या वर भरतं.

दुपारी २.३०

नौदलाच्या टेबलावर मी स्वतःच थबकले. १/७०० ची आयएनएस विक्रांत. जहाज ७०० फुटांचं, म्हणून मॉडेल बरोबर एक फुटाचं.

मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा मी तिच्या डेकवर चालले आहे. ब्रिटनमध्ये हर्क्युलिस म्हणून बांधायला घेतलेलं जहाज १९६१ मध्ये बेलफास्टला आपल्या नौदलात आलं. १९७१ मध्ये त्यावरच्या सी हॉक आणि आलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. २०१४ मध्ये दारूखान्यात ते तोडायला घेतलं. त्याचं काही पोलाद पुढे बजाजच्या मोटारसायकलींत गेलं. हे सगळं सांगितल्यावर लेक म्हणाली, "म्हणजे मला दाखवायचं तर हेच?"

हो, हेच. बनवणाऱ्याने जुने फोटो जमवून मनोरा, क्रेन, डेकवरच्या पट्ट्या बसवल्या होत्या. मी तिला जिन्याची जागा दाखवली, आम्ही भावंडं कुठे उभी राहिलो होतो ते दाखवलं. तिने टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून डेकच्या उंचीवरून पाहिलं, बराच वेळ. मागच्यांना वाट करून देण्यासाठी शेवटी मलाच तिला उठवावं लागलं.

दुपारी ४

दुकानांची रांग. भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे तिच्याकडे होते. एक मोठं खोकं उचललं, वजन पाहिलं, परत ठेवलं. बारीक टोकाचा चिमटा घेतला, आणि पितळेच्या कोरीव रेलिंगची एक पट्टी.

संध्याकाळी ६.३०

परतीची गाडी. निकाल उद्या, विमान तिथेच, क्लबमधलं कुणीतरी घेऊन येईल. निकालाचं तिने एकदाच विचारलं. तिचं बोट वहीवर: सी हॉक १२.१ मीटर, भागिले ७००.

"सतरा मिलिमीटर. आई, पंख मिटलेले ठेवायचे की उघडे?"

डेकवर मागे उभी असतील तर मिटलेले, मी म्हटलं, पण आधी फोटो बघू. तिने फोटोंची यादी करायला घेतली.