पदराची परवानगी

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत. एकात ते पुरुषवेशात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेशात. नाटकाला आलेली कुटुंबे मुलाबाळांना ती कौतुकाने दाखवतात. ‘दोन्ही एकच बरं का,’ असे एखादी आजी नातवाला सांगते. नाटक संपते, कुटुंब घरी निघते, चौकात सिग्नलला गाडी थांबते आणि साडी नेसलेली, राठ आवाजाची एक व्यक्ती टाळी वाजवत काचेपाशी येते. काच वर जाते. नातवाने काही विचारलेच, तर त्याला गप्प केले जाते.

या दोन प्रतिक्रिया एकाच घरात सुखाने नांदतात. याला ढोंग म्हणून मोकळे होता येईल, पण त्याने काही उलगडत नाही. पुरुषाने पदर घेण्याला आपल्या समाजाची परवानगी कोणाला होती आणि कोणत्या अटींवर होती, हे पाहिले तर मात्र बरेच उलगडते. त्यासाठी सातारा-सांगलीसारखा दुसरा मुलूख नाही. स्त्रीवेशातल्या पुरुषाचा सन्मान, त्याची थट्टा आणि त्याच्याविषयीची भयभक्ती, ही तिन्ही या कृष्णाकाठच्या पट्ट्यात शेजारी शेजारी वाढली.

स्त्रीपार्टी नटाचा मान

विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले. आश्रय होता संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचा. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून आपण तो साजरा करतो. पण त्या रात्रीची सीता पुरुष होती, हे आपल्या बोलण्यात सहसा येत नाही. येण्याचे कारणही वाटत नाही, इतकी ती गोष्ट तेव्हा स्वाभाविक होती. घरंदाज बाई रंगमंचावर येणे अशक्य. कलावंतीण आणावी, तर नाटकाची प्रतिष्ठा जाणार. तेव्हा स्त्रीच्या अब्रूच्या रक्षणासाठी पुरुषाने लुगडे नेसायचे, अशी ती व्यवस्था होती.

साताऱ्याचे दुसरे नाव शाहूनगर. त्या नावाने निघालेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने गद्य नाटकांत मोठे नाव कमावले. गणपतराव जोशी नायक आणि बाळाभाऊ जोग नायिका, ही जोडी महाराष्ट्रभर गाजली. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी केलेल्या ‘त्राटिका’ नाटकातली त्राटिका जोगांचीच. उद्धट बायको वठणीवर कशी आणावी याचा तो खेळ. उद्धटपणा करणाराही पुरुष, वठणीवर आणणाराही पुरुष आणि टाळ्या देणारेही बहुतांशी पुरुषच.

या परंपरेचे शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. पलूस तालुक्यातले नागठाणे हे त्यांचे गाव. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि त्यांची शकुंतला पहिल्यांदा उभी राहिली ती मिरजेत. ‘मानापमान’मधली भामिनी (१९११), ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी (१९१६), ‘एकच प्याला’मधली सिंधू (१९१९) या भूमिकांनी त्यांनी काय केले, हे आपल्या आज्यांच्या पिढीने सांगून ठेवले आहे. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, केसांतली फुले, दागिन्यांची निवड, चालणे-लाजणे यांचे अनुकरण घरंदाज बायका करीत. रंगभूमीच्या अभ्यासक कॅथरीन हॅन्सन यांनी पारशी, गुजराती आणि मराठी रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टी नटांचा अभ्यास करून नेमके यावरच बोट ठेवले आहे. नव्या मध्यमवर्गीय स्त्रीने कसे दिसावे, कसे बोलावे, याचा नमुना पुरुषांनी आपल्या देहावर घडवला आणि बायकांनी तो उचलला. ‘बायकी’ म्हणून जे आपण निसर्गदत्त मानतो, त्यातले कितीतरी असे रंगपटात शिवलेले आहे.

हा सन्मान कोणत्या अटींवर मिळाला? पहिली अट चौकटीची. पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंतच हा वेश चालायचा. रंग पुसला की धोतर, कोट, टोपी आणि प्रपंच. दुसरी अट अशी की वेशाखालच्या पुरुषत्वाबद्दल कोणाला शंका नसावी. प्रेक्षक भामिनीवर लुब्ध होई, पण ते ‘नारायणराव’ आहेत हे त्याला ठाऊक असे आणि त्या ठाऊक असण्यातच निम्मी गंमत होती. तिसरी अट मात्र कोणी उघड बोलत नसे. ती जन्माची. संगीत नाटकाचे नट, लेखक आणि पुढच्या रांगांतले प्रेक्षक बहुतेक वरच्या जातींतले होते. शास्त्रीय संगीत आणि पौराणिक कथानक यांचे कोंदण त्या लुगड्याला लाभले होते.

नाच्या आणि मावशी

यांतली एकेक अट काढून घेतली की काय होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, ब्राह्मणाचे घर सोडून तमाशात गेले. लावणी तेव्हाही नाचायची होती, पण तमाशात आधी ती नाचत ती मुले. पायांत चाळ बांधलेला ‘नाच्या पोऱ्या’ पेशवाईपासून फडाचा मानकरी होता. पुढे बापूरावांच्या फडातल्या पवळेसारख्या स्त्रिया तमाशात आल्या आणि नाच्याच्या वाट्याला शृंगाराऐवजी विनोद उरला. गौळणीतली मावशी आजही पुरुषच करतो. तिचे लचकणे, पदर सावरणे, कृष्णाशी हुज्जत घालणे यावर फड हसतो.

कसब तेच. कमरेची लय, हाताची बोटे, डोळ्यांतला भाव, आवाजाची फिरत यांसाठी लागणारी मेहनत भामिनी करणाऱ्याला जेवढी, तेवढीच नाच्यालाही. तरी एकाला पदव्या मिळाल्या आणि दुसऱ्याचे नाव शिवीसारखे वापरले गेले. फडातला कलावंत बहुधा महार, मांग, कोल्हाटी समाजातला. त्याला जन्माचे कवच नव्हते. कनातीबाहेर पडल्यावर त्याचा वेशही पूर्ण उतरत नसे, कारण गाव तो उतरू देत नसे. कागलच्या आनंद यादवांची ‘नटरंग’ ही कादंबरी याच जागेवर उभी आहे. तालमीत घुमणारा गुणा कलेसाठी नाच्या होतो आणि त्याचे पीळदार शरीर, बायको, मूल यांपैकी काहीही त्याला गावाच्या नजरेतून वाचवू शकत नाही. बालगंधर्वांच्या बाबतीत पुरुषत्व गृहीत होते. गुणाला ते सिद्ध करूनही मिळत नाही.

देवीचे लुगडे

तिसरे रूप रंगमंचावरचे नाही. सौंदत्तीची यल्लम्मा बेळगाव जिल्ह्यात, पण तिचे भक्त सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सातारा असे पसरलेले. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला आणि माघातल्या अहेव पुनवेला त्यांची रीघ डोंगराकडे लागते. त्यांत डोक्यावर देवीचा जग घेतलेले, लुगडे नेसलेले, गळ्यात कवड्यांची माळ असलेले जोगते असतात. सोबत चौंडके आणि तुणतुणे. सगळेच जोगते स्त्रीवेश घेत नाहीत. पण जे घेतात त्यांना तो दिवसभराच्या खेळापुरता घेता येत नाही. केसांत जट आली, अंगात वारे आले, देवीने ‘झाड’ धरले असे घरादाराने ठरवले, की ते लुगडे जन्माचे.

या प्रथेत सक्ती आहे, दारिद्र्य आहे आणि शोषणही आहे. ते झाकण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या पोराला लहानपणापासून बायकांत रमावेसे वाटे, बांगड्या भराव्याशा वाटत, त्याला गावात तसे जगण्याची एकच वाट होती. ‘मला हे आवडते’ हे वाक्य त्याला उच्चारता येत नव्हते. ‘देवीचा हुकूम आहे’ हे उच्चारता येत होते आणि त्यापुढे बापाची काठीही थांबत होती. म्हणजे कोणाला ते लुगडे बेडीसारखे होते, तर कोणाला पांघरुणासारखे. आणि बाहेरून पाहणाऱ्याला यातला फरक कळणे कठीण. सांगली जिल्ह्यातल्या मळणगावच्या चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथा आणि राजन गवसांच्या ‘चौंडकं’, ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या यांनी हे जग मराठी साहित्यात आणले. त्यांच्यावर आधारलेल्या ‘जोगवा’ या चित्रपटाने ते घरोघरी नेले.

लंडनचा क्लब आणि एक शोध

आता जरा दूर जाऊ, कारण आपला प्रश्न आपल्यापुरता नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पंक संगीताच्या पोटातून ‘गॉथ’ नावाचा पंथ निघाला. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात सुरू झालेला ‘बॅटकेव्ह’ हा क्लब त्याचा अड्डा. काळे कपडे, पांढराफटक चेहरा, चांदीचे दागिने, मृत्यू आणि रात्र यांचे आकर्षण अशी त्याची ओळख. त्यातली सर्वांत नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे पुरुषांचा साजशृंगार. ‘द क्युअर’चा रॉबर्ट स्मिथ विस्कटलेली लिपस्टिक आणि काजळ लावून गाऊ लागला आणि हजारो तरुणांनी ते उचलले. लेस, घट्ट कॉर्सेट, लांब झगे, नखांना काळा रंग. बाई की बाप्या हे चटकन ठरवता येऊ नये, अशा या रूपाला ते अँड्रॉजिनी म्हणतात आणि आपल्या पंथात स्त्रीपुरुषभेद गळून पडतो असा त्यांचा अभिमान असतो.

डुन्या ब्रिल या अभ्यासिकेने ब्रिटन आणि जर्मनीतल्या गॉथ मंडळींत वावरून हा अभिमान तपासला. २००८ मध्ये आलेल्या तिच्या पुस्तकाचा निष्कर्ष आपल्याला ओळखीचा वाटेल. सरमिसळीचे हे स्वातंत्र्य मुख्यतः पुरुषांचे आहे. पुरुषाने स्त्रीचा साज चढवला की त्याची पंथात वट वाढते, तो धाडसी ठरतो. बाईकडून मात्र अधिकच बायकी, अधिकच सजलेल्या रूपाची अपेक्षा असते. केस कापून, पुरुषी बूट-पँट घालून आलेल्या बाईला तसे कौतुक मिळत नाही. रस्ता एकेरी आहे.

हाच एकेरी रस्ता आपल्या रंगभूमीवरही दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्व भूमिका स्त्रियाच करीत अशा स्त्री नाटक मंडळ्या होत्या. बेळगावकर स्त्री मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी ही त्यांतली नावे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करून भारतीय पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्रींपैकी एक ठरलेल्या कमलाबाई गोखले यांनी रंगमंचावर पुरुषभूमिकाही केल्या. पुरुषपार्टी करणाऱ्या या बायकांच्या नावाचे रंगमंदिर कोठे आहे? त्यांच्या चालण्या-बोलण्याचे अनुकरण कोणत्या पुरुषाने केले? १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, तर केवढी चर्चा झाली. पुरुषाने बाईचे रूप घेतले तर ती कला. बाईने पुरुषाचे घेतले तर तो आगाऊपणा. आणि बाईने बाईचेच घेतले तर तो अब्रूचा प्रश्न.

परवानगी आणि हक्क

याचा अर्थ पुरुषाच्या पदराचा मान हा स्त्रीत्वाचा मान नव्हता. चौकटीत राहून, वरच्या पायरीवरचा माणूस स्वेच्छेने खाली वाकतो आणि पुन्हा ताठ उभा राहतो, या कसबाचा तो मान होता. जो परत उभा राहत नाही, लुगडे उतरवत नाही, तो समाजाला डाचतो. इंग्रज सरकारने १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उत्तर हिंदुस्थानातल्या हिजड्यांची नोंदणी करवली आणि नोंद झालेल्याने रस्त्यावर स्त्रीवेशात दिसणे किंवा नाचणे हाच गुन्हा ठरवला. तो काळ आपल्याकडे स्त्रीपार्टी नटांच्या वैभवाची पायाभरणी होत असतानाचा. आक्षेप लुगड्याला नव्हता, ते रस्त्यावर दिसण्याला होता.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख वेशातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणे हा घटनेच्या १९व्या कलमातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. वेशाबद्दल बोलताना ‘परवानगी’ऐवजी ‘हक्क’ हा शब्द आला, ही मोठी गोष्ट आहे. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून उभी राहिलेली ‘मुस्कान’ ही देहविक्री करणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची संघटना याच हक्काची भाषा बोलते. तिथे कोणी अंगात आल्याचे सांगत नाही आणि भूमिका करीत असल्याचेही सांगत नाही.

आज साताऱ्यात किंवा सांगलीत कॉलेजला जाणारा एखादा मुलगा नखांना काळा रंग लावतो, डोळ्यांत काजळ घालतो, कानात डूल अडकवतो. गॉथ हा शब्द त्याला ठाऊक असेल किंवा नसेलही. त्याच्याभोवती रंगमंच नाही, ढोलकी नाही, डोक्यावर जग नाही. ‘हे कशासाठी?’ असे विचारले तर ‘मला आवडतं’ एवढेच त्याच्यापाशी उत्तर आहे. जोगत्याला जे उत्तर देता येत नव्हते, ते हा देतो. त्याचे केस ओढून पाहणाऱ्या वर्गमित्रांना, त्याला केबिनमध्ये बोलावणाऱ्या सरांना आणि रात्री जेवताना त्याच्याशी न बोलणाऱ्या वडिलांना बालगंधर्वांचा अभिमान असतो. पुरुषाच्या पदराशी आपली जुनी ओळख आहे. ती अटींशिवाय चालेल का, हे या मुलाच्या घरात ठरायचे आहे. आणि त्याच वर्गात केस बारीक कापून, भावाचा शर्ट घालून बसलेल्या मुलीला तर अजून अभिमानाने सांगण्याजोगा पूर्वजही आपण दिलेला नाही.