‘फार्महाऊस’ म्हणजे नेमकं काय?

कर्जत-खोपोली रस्त्यावर फलक वाचत चला. ‘फार्महाऊस प्लॉट, ५ गुंठे, समोर डोंगर.’ जाहिरातीतलं फार्महाऊस म्हणजे शनिवार-रविवारचा बंगला, जमलं तर पोहायचा तलावसुद्धा. कायद्याला मात्र यात शेतघर दिसतं, शेतीच्या सोयीसाठी बांधलेलं. जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४१ बघा. प्रादेशिक योजनेतल्या भागात शेतघराला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे जमीन लागते; राहत्या भागाचं जोतं १५० चौरस मीटरच्या आत. ५ गुंठ्यांत हे बसणार कसं? शिवाय १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. डोंबिवलीच्या नोकरदाराला हे कोण सांगतं?

मग एजंट म्हणतो, ‘अहो, एनए होणारच आहे.’ होणार! जमीन खरंच अकृषिक झाली असेल तर तो साधा बंगल्याचा प्लॉट. त्यात फार्म उरलंच कुठे? तेव्हा सातबारा काढा. पिकाच्या रकान्यात भात दिसला, तर बयाणा देण्याआधी अकृषिक आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा.