दोन खिडक्यांचा याशिका

वारल्यांच्या जुन्या घराला खिडकी क्वचितच असते. कारवीच्या कुडाला शेणमातीचं सारवण, धुराने काळवंडलेलं आढं आणि लग्नघर असेल तर आतल्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक, मधोमध पालघट देवी. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी (पद्मश्री, २०११) ही कला कागदावर आणि कापडावर जगभर नेली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र तिचं मूळ घर हा अंधारच. तिथे फ्लॅश मारला की भिंत सपाट दिसते, सारवताना उमटलेली बोटं नाहीशी होतात. अशा ठिकाणी मला पन्नास वर्षांपूर्वीच्या एका जपानी कॅमेऱ्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचा वाटत नाही. तो म्हणजे याशिका इलेक्ट्रो ३५.

हा रेंजफाइंडर कॅमेरा. यात आपण लेन्समधून बघत नाही. लेन्सच्या वर एक खिडकी, तिच्यापासून थोड्या अंतरावर दुसरी, लहान. दोन्हींतून आलेली चित्रं अर्धपारदर्शक आरशावर एकत्र होतात आणि मधल्या पिवळसर ठिपक्यात माणसाचे दोन चेहरे दिसतात. लेन्सची कडी फिरवत ते एकावर एक आणायचे, की फोकस झाला. चौकटीबाहेरचंही दिसत राहतं, त्यामुळे कोण आत येतंय, कोण बाजूला सरकतंय ते आधीच कळतं. माणसांचे फोटो काढणाऱ्याला ही केवढी सोय आहे!

१९६०-७०च्या दशकांत जपानने असे कॅमेरे लाखोंनी बनवले. कॅननचा कॅनोनेट, मिनोल्टाचा हाय-मॅटिक, ऑलिम्पस, कोनिका. जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीप्रदक्षिणेला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर दुकानातून विकत घेतलेला एक अ‍ॅन्स्को ऑटोसेट होता, आणि तो मुळात मिनोल्टाचा हाय-मॅटिकच. आपल्याकडे आयातीवर निर्बंध होते. बहुतेकांच्या हाती अ‍ॅग्फा क्लिक थ्री. जपानी कॅमेरा यायचा तो आखातातून परतणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून.

इलेक्ट्रो ३५ मालिकेतलं १९७३चं जीएसएन मॉडेल सर्वांत जास्त सापडतं. वजन पाऊण किलो, लेन्स ४५ मिमी, एफ १.७. आपण फक्त अ‍ॅपर्चर ठरवायचं; शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते सर्किट ठरवतं, एक पंचशतांश सेकंदापासून तब्बल तीस सेकंदांपर्यंत. नेमका किती वेळ, ते मात्र कॅमेरा सांगत नाही. पिवळा दिवा लागला तर हात हलेल, लाल लागला तर उजेड जास्त, एवढंच. काहींना हे खटकतं. मला त्यात सुटसुटीतपणा दिसतो.

याचा सर्वांत प्रसिद्ध आजार आहे रबराच्या इवल्याशा तुकड्याचा. रीळ पुढे सरकवताना निरोगी कॅमेऱ्यातून ‘खट्’ असा आवाज येतो. आतल्या सरकत्या दांडीला आधार देणारं रबर वयाने चिकट होऊन झिजलं की तो आवाज बंद होतो, संपर्कबिंदू जागेवर येत नाहीत आणि प्रकाशाचा हिशेब चुकतो. जुना घ्यायचा असेल तर म्हणून आधी कान द्यावा. कॅमेरा उघडून तिथे त्याच जाडीचं नवं रबर बसवलं की सर्किट बहुधा पुन्हा नीट चालतं.

दुसरी अडचण सेलची. मूळ सेल पाऱ्याचा, ५.६ व्होल्टचा, पाऱ्यावरच्या निर्बंधांमुळे तो आता बनत नाही. सहा व्होल्टचा छोटा अल्कलाइन सेल आधाराच्या नळीत बसवून काम भागतं. सेलच्या कप्प्यात हिरवट थर साचला असेल तर व्हिनेगरचा बोळा फिरवावा, कुजलेली तार बदलून डाग द्यावा. मागच्या झाकणाचा फोम चिकट होऊन सुटलेला असतो. तो खरवडून काळी लोकर खाचेत भरली की उजेड आत शिरत नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावर मात्र खरी लढाई बुरशीशी. पावसाळ्यात लेन्सच्या आत जाळं धरतं. कोवळी बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणाने निघते. जुनी असेल तर काचेवरचा लेपच खाऊन टाकते, मग इलाज नाही. मूळ चामड्याची पेटी कितीही देखणी असली तरी ओल धरते, तिच्यात कॅमेरा ठेवू नये. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा बरा, आणि मधूनमधून कॅमेरा वापरणं त्याहून बरं.

चौकाचा फोटो काढताना एक लक्षात ठेवावं. गडद भिंत पाहून मीटर जास्त वेळ शटर उघडं ठेवतो आणि पिठाची रेघ फुटते. म्हणून ४०० चा रोल असला तरी फिल्मच्या वेगाची तबकडी ८०० वर लावावी, तिवई घ्यावी आणि घरच्यांना विचारून, लग्नाचे विधी करणाऱ्या धवलेरीचं गाणं थांबल्यावर, हळूच बटण दाबावं. पात्यांचं शटर असल्याने आवाज जवळजवळ होत नाही.

सर्किटच गेलं तर घरी काही जमत नाही. मग डहाणू रोडहून चर्चगेट लोकल धरावी आणि फोर्टातल्या बोरा बाजारात विचारावं. याशिकाची मालक असलेल्या क्योसेरा कंपनीने २००५ मध्ये याशिकाचं उत्पादन थांबवलं, नवा भाग कुठून येणार? मेलेला दुसरा इलेक्ट्रो स्वस्तात दिसला तर घेऊन ठेवावा. त्याच्या पोटातले स्क्रू, तारा, आरसे आपल्या कॅमेऱ्याला हमखास लागतात.