देवडीवरची बारनिशी

जुन्या वाड्याला दिंडीदरवाजा एकच असे, आणि त्याच्या शेजारच्या देवडीवर बसणारा माणूस, वाड्यातील एकाच्याही मनात काय चालले आहे हे ठाऊक नसताना, कोण केव्हा बाहेर पडला, कोणत्या आळीकडे वळला आणि किती वेळाने परतला याची बारनिशी मात्र बिनचूक सांगू शके. आजच्या सदनिकेत हे काम भिंतीवर टांगलेली, दिवे लुकलुकवणारी राउटर नावाची पेटी करते. आजोबांचा फोन, सुनेचा लॅपटॉप, नातवाचा टॅब आणि दिवाणखान्यातील टीव्ही या प्रत्येकाला ती घरापुरता एक अंतर्गत क्रमांक देते आणि बाहेरच्या जगापुढे मात्र या सर्वांना बहुधा एकाच पत्त्यावर उभे करते. त्यामुळे एका छपराखालची माणसे एकत्र मोजण्याची जाहिरातींच्या व्यापाऱ्यांना आयतीच सोय होते, आणि सासूबाईंनी गुडघेदुखीचा पट्टा पाहिला म्हणजे त्याची जाहिरात मुलाच्या फोनवर उमटण्याचा चमत्कार घडू शकतो. पण हा उपद्रव विषयाचा लहानसा भाग होय. घरातल्या माणसाला खरी विवंचना असते ती घरातल्याच दुसऱ्या माणसाची, आणि तिचा उलगडा करायचा तर 'मला खासगीपणा हवा' एवढे म्हणून भागत नाही. तो कोणापासून हवा, हे आधी ठरवावे लागते.

पेटीला काय दिसते याचे मूळ १९८३ सालात आहे. यंत्रे एकमेकांना अंकांनी ओळखतात, माणसांच्या लक्षात मात्र नावे राहतात. ही अडचण दूर करण्यासाठी पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने त्या वर्षी 'डोमेन नेम सिस्टिम', म्हणजे डीएनएस, ही व्यवस्था मांडली, आणि तेव्हापासून कोणतेही संकेतस्थळ उघडण्यापूर्वी आपले यंत्र 'अमुक नावाचा पत्ता काय?' अशी पृच्छा एखाद्या डीएनएस सर्व्हरकडे करीत आले आहे. जाळ्यावर त्या काळी मुख्यतः विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी खाती नांदत असल्यामुळे ही पृच्छा उघड्या अक्षरांत धाडण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, आणि पुढे सारे जग त्या जाळ्यावर येऊन बसले तरी प्रघात कित्येक वर्षे तोच राहिला. सामान्यतः ही पृच्छा प्रथम राउटरकडे व तेथून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे जाते. म्हणजे वाटेत दोन ठिकाणी तिची नोंद करून ठेवण्याची मुभा असते.

संकेतस्थळाच्या आतील मजकुराचे तसे नाही. तो कूटबद्ध करण्याची युक्ती नेटस्केप कंपनीने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात काढली होती. तथापि बँका आणि पासवर्ड भरण्याची पाने वगळता इतरत्र तिचा अवलंब करण्यात बराच आळस झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने 'फायरशीप' नावाचे एक पुरवणी-साधन प्रसिद्ध करून, त्याच उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाचे फेसबुक खाते दोन-चार कळा दाबून कसे बळकावता येते, हे चारचौघांत दाखवून दिले, तेव्हा कोठे कंपन्यांची झोप उडाली. पुढे २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक स्थळावर 'असुरक्षित' असा शेरा मारू लागला. याचा परिपाक असा की, आपण एखाद्या पानावर काय वाचले, काय लिहिले, हे आज घरातील पेटीला सहसा कळत नाही. आपण कोठे गेलो एवढेच कळते.

परंतु पुष्कळदा कोठे गेलो एवढे कळणेही पुरे होते. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे, परगावी नोकरी मिळवून देणाऱ्या स्थळाचे किंवा घटस्फोटाचे दावे चालवणाऱ्या वकिलाचे नुसते नाव सासऱ्यांच्या दृष्टीस पडले, तर आतले पान वाचण्याची त्यांना गरज उरत नाही.

ही बारनिशी कोणाला वाचता येते, हे ज्याने त्याने आपल्या घरी एकदा पाहून घ्यावे. ब्राउझरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ हा आकडा घालावा (काही पेट्यांत शेवटचे अंक निराळे असतात), पेटीच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे नाव व पासवर्ड भरावा, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची यादी समोर येते: फोनच्या कंपनीचे नाव, कधी मालकाचेही नाव आणि बारा चिन्हांचा 'मॅक' क्रमांक. साध्या पेट्यांत बहुधा यापलीकडे फारसे सापडत नाही. परंतु मुलांवर देखरेख ठेवण्याची सोय असलेल्या पेट्यांत मात्र कोणत्या यंत्राने कोणते स्थळ उघडले याचा रोजनामाच तयार असू शकतो. त्या चिठ्ठीवरचा मूळ पासवर्ड जोडणी करून देणाऱ्या पोरापासून शेजारच्या बंटीपर्यंत कोणालाही वाचता येतो, म्हणून तो बदलणे हे पहिले काम. दुसरे असे की, वायफायची 'डब्ल्यूपीए-२' ही प्रचलित पद्धती वापरणाऱ्या घरात, ज्याच्याजवळ घरचा पासवर्ड आहे आणि ज्याने आपला फोन जोडला जातानाचे प्रारंभीचे संभाषण टिपले आहे, अशा जाणकाराला हवेतून जाणारी आपली रहदारी उकलता येते. २०१८ साली आलेल्या 'डब्ल्यूपीए-३' मध्ये हे छिद्र बुजवले आहे, तेव्हा पेटीत ती सोय असल्यास तीच निवडावी. आणि पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' जाळे ठेवावे.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. घरातील गुपिते तारेतून फुटतात त्यापेक्षा कितीतरी अधिक सामाईक खात्यातून फुटतात. आपल्याकडे टॅब घेतला की त्यावर बाबांचे जीमेल चढवायचे, टीव्हीवर तेच, मुलीच्या जुन्या फोनवरही तेच, असा रिवाज आहे. मग कन्येने रात्री माजघरात बसून शोधलेला शब्द सकाळी बाबांच्या पट्टीत पहिल्या अक्षरासरशी आपोआप पुरा होतो, आणि तिने पाहिलेल्या व्हिडिओचे भाऊबंद यूट्यूब दिवाणखान्याच्या टीव्हीवर सर्वांदेखत मांडून ठेवते. त्यासाठी कोणी हेरगिरी करावी लागत नाही. यावर उपाय म्हणून सर्रास सुचवली जाते ती 'इन्कॉग्निटो' खिडकी. सफारीने २००५ मध्ये आणि क्रोमने २००८ मध्ये ही सोय आणली. ही खिडकी बंद केली की भेटींची यादी व कुकी त्या यंत्रावरून पुसल्या जातात, आणि एकाच संगणकावर चौघे बसणाऱ्या घरात हा उपयोग क्षुल्लक नव्हे. मात्र पेटी, पुरवठादार आणि संकेतस्थळ या तिघांपैकी कोणापासूनही ती काही लपवीत नाही. तशी कबुली त्या काळ्या खिडकीच्या पहिल्याच पानावर छापलेली असते, पण ते पान वाचतो कोण? याच गैरसमजावरून २०२० साली अमेरिकेत गूगलवर दावा गुदरला गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत, अशा खिडक्यांतून जमलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे वा त्यांतील ओळख पुसण्याचे कंपनीने मान्य केले.

प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि यंत्राला स्वतंत्र कुलूप, एवढी तजवीज झाल्यावरच तारेकडे वळण्यात अर्थ आहे. तेथे मुख्य उपाय म्हणजे डीएनएसची पृच्छा पाकिटबंद करणे. त्याचे एक प्रमाण २०१६ साली व दुसरे २०१८ साली निश्चित झाले, आणि अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून नेटवर्कच्या सेटिंगांत 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची एक ओळ आली, जिच्यात क्लाउडफ्लेअर, गूगल किंवा क्वाड९ यांपैकी एखाद्याच्या सर्व्हरचे नाव लिहिले की त्या फोनच्या पृच्छा राउटरला वाचता येत नाहीत. फायरफॉक्स आणि क्रोम यांतही हाच बंदोबस्त ब्राउझरपुरता करता येतो. दोन उणिवा मात्र राहतात. जोडणीच्या आरंभीच्या नमस्कारातच आपले यंत्र संकेतस्थळाचे नाव पुन्हा एकदा उघडपणे उच्चारते. ते झाकण्याची रीत २०२३ पासून मोठ्या ब्राउझरांत आली असली तरी पलीकडच्या स्थळाने ती स्वीकारली असेल तरच लागू पडते. आणि जी यादी पुरवठादाराच्या हाती पडत होती, ती आता त्या नव्या सेवेच्या हाती पडते.

ही दुसरी उणीव व्हीपीएनला अधिकच लागू आहे. व्हीपीएनमुळे सारी रहदारी एका कूटबद्ध बोगद्यातून जात असल्यामुळे घरातील पेटी व पुरवठादार यांना त्या एका कंपनीखेरीज काही दिसत नाही, हे खरे. परंतु बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी त्या कंपनीचाच कारकून बसलेला असतो. हिंदुस्थानात त्याला सरकारी पदरही आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी क्रमांक आणि सेवा घेण्याचे कारण ही माहिती किमान ५ वर्षे जतन करावयाची आहे. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन आणि सर्फशार्क यांनी आपले सर्व्हर या देशातून हलवले. फुकट मिळणाऱ्या व्हीपीएनच्या वाटेला तर जाऊच नये, कारण ज्या धंद्याला दुसरी मिळकत दिसत नाही त्याची मिळकत आपणच असण्याचा संभव मोठा. टॉर हे तीन ठाण्यांतून रहदारी फिरवून कोणालाही पूर्ण वाट न कळू देणारे साधन अधिक भक्कम आहे, पण ते संथ चालते, आणि ते वापरले जात आहे ही गोष्ट पुरवठादारापासून सहसा लपत नाही.

कायद्याकडे पाहावे तर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निवाडा दिला, आणि २०२३ साली व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा अधिनियमही संमत झाला. परंतु एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक अथवा घरगुती प्रयोजनासाठी हाताळलेली माहिती त्या अधिनियमाने आपल्या कक्षेतून वगळली आहे. म्हणजे कंपनीने आपली यादी विकली तर दाद मागता येईल. वडिलांनी ती चहा घेता घेता चाळली तर हा अधिनियम उंबऱ्याबाहेरच थांबतो. वडिलांचाही पक्ष अगदीच लंगडा नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या टॅबवर देखरेख ठेवणे हे पालकाचे कामच आहे, मात्र ती त्याला सांगून ठेवावी, आणि अठरा उलटलेल्या मुलीवर किंवा सुनेवर तीच चालू ठेवण्यास काडीचाही आधार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ज्या घरात ही देखरेख धाकदपटशाचे रूप घेते, तेथे वर सांगितलेले उपाय जपून वापरावेत. फोनवर अचानक दिसलेले व्हीपीएन, एकाएकी बदललेला पासवर्ड किंवा समूळ पुसलेली यादी हीच पाळत ठेवणाऱ्याला इशारा ठरते, आणि फोनमध्येच एखादे हेर-ॲप बसवलेले असेल तर पृच्छा पाकिटबंद करून काहीच साधत नाही, कारण ते पडद्यावरचे थेट वाचू शकते. अशा घरातील स्त्रीने नेहमीचा फोन नेहमीसारखाच वापरत राहावे. वकिलाचा शोध, नव्या ईमेल खात्याची उघडणी आणि १८१ या महिला हेल्पलाइनला फोन ही कामे मैत्रिणीच्या वा कचेरीतील विश्वासू सहकाऱ्याच्या यंत्रावरून, घरचे वायफाय न वापरता करावीत, आणि त्या नव्या खात्याचा पासवर्ड घरातील कोणत्याही ब्राउझरला जतन करू देऊ नये.