मोकळा श्वास

सकाळच्या विरार लोकलमध्ये चहूबाजूंनी रेटा बसला की कधी एकदा उतरतो असं होतं ना? काहीजण असाच दाब दिवसभर शर्टाच्या आत सोसतात. जन्माच्या वेळी नोंद मुलगी म्हणून झाली, पण जे पुरुष आहेत, असे ट्रान्स पुरुष. छाती सपाट दिसावी म्हणून त्यातले अनेकजण 'बाइंडर' नावाची घट्ट बंडी घालतात.

छाती मोठी असली की एक साइज लहान घ्यावा किंवा एकावर एक दोन घालावेत, असा मोह होतो. क्रेप बँडेज तर त्याहून वाईट. ताणलेलं इलास्टिक आवळतच राहतं, बरगड्यांना फुलू देत नाही. म्हणून टेपने माप घ्या आणि तक्त्याप्रमाणेच साइज निवडा.

२०१७ साली छापून आलेल्या १,८०० जणांच्या अभ्यासात ९७ टक्क्यांना काही ना काही त्रास आढळला. मोठ्या छातीचा संबंध मुख्यतः त्वचेच्या तक्रारींशी होता. वसईच्या दमट हवेत तर आत पातळ सुती बनियन आणि स्वच्छ, कोरडा बाइंडर हवाच.

साधारण मर्यादा ८ तासांची. सकाळी ७ला निघून संध्याकाळी ६ला परतलात तर ११ तास झाले! झोपताना, व्यायाम करताना बाइंडर नको. आठवड्यात सुट्टीही हवी. दुखलं, धाप लागली तर लगेच काढा.

पण कॉलेजात काढायचा कुठे? कडी लागणारी एक खोली, एवढंच तर लागतं. तेवढी सोय आपण मागू शकतो ना?