सरोवराच्या खात्यावर

गेल्या वर्षी जून महिन्यात मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडे स्वित्झर्लंडची सहल करून परतली. बॅगा उघडल्या तेव्हा खाकऱ्यांचे रिकामे डबे निघाले आणि त्यांच्यासोबत सनस्क्रीनची एक अर्धवट संपलेली ट्यूब निघाली. जाताना तीन नेल्याचे मला पक्के स्मरत होते. ज्याचा जन्म बँकेच्या खातेवह्या तपासण्यात गेला, त्याला फरक दिसला की तो कोठे गेला हे विचारल्यावाचून राहवत नाही. सून हसून म्हणाली, "बाबा, मुलं रोज पाण्यात डुंबायची. बाहेर आली की पुन्हा लावायचं, असं चालायचं. निम्मी तर झुरिचच्या सरोवरातच गेली असेल."

तिने हे सहज म्हटले. परंतु हिशेब मांडून पाहिला तेव्हा तिचे बोलणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही असे दिसून आले.

सनस्क्रीनवर जो एसपीएफचा आकडा छापलेला असतो, तो त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लेप लावून ठरवतात. त्या मापाने प्रौढ माणसाच्या सर्वांगाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम मलम लागते. त्यात अतिनील किरण शोषून घेणारी रसायने असतात. ऑक्टिनॉक्सेट या घटकाला युरोपात १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. म्हणजे ३० ग्रॅमांत तीन ग्रॅम झाले. वीस मिनिटे पाण्यात राहिल्यास यांतील पाव भाग धुऊन निघतो, असे संशोधक हिशेबासाठी धरतात. एका माणसाच्या एका स्नानात पाऊण ग्रॅम. रक्कम क्षुल्लक खरी. पण उन्हाळ्यातील रविवारी अशा किनाऱ्यावर हजार माणसे उतरली तर ती पाऊण किलो होते, आणि उन्हाळ्यात रविवार काही एकच येत नाही.

स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी नेमका हाच ताळा करून पाहिला. झुरिचचे विस्तीर्ण सरोवर, ज्यातून त्या शहराचे बहुतांश पिण्याचे पाणी येते, आणि त्याच परिसरातील हुटनरसे हे लहानसे सरोवर, या दोहोंचे पाणी त्यांनी तपासले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही ठिकाणी सनस्क्रीनची रसायने आढळली. झुरिचच्या मोठ्या सरोवरात ती कमी होती. लहान सरोवरात एका लिटरमागे सुमारे १२५ नॅनोग्रॅमपर्यंत पोहोचली होती. उन्हाळ्यात वरच्या थरात त्यांचे प्रमाण अधिक असे. मनुष्यवस्तीपासून दूर असलेल्या एका डोंगरी सरोवरात मात्र ती मोजण्याइतकीही सापडली नाहीत. पाण्यातील ही भर कोणाची, हे सांगायला आणखी साक्षीदार नको.

१२५ नॅनोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे आठशे टँकर भरावेत आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम मिसळावा, इतके. म्हणून पाणी विषारी झाले असे कोणी म्हणू नये. परंतु हाच आकडा उलट बाजूने वाचला, तर एका माणसाच्या अंगावरून निघालेला पाऊण ग्रॅम सहाशे टँकर पाण्याला त्या पातळीवर नेण्यास पुरेसा ठरतो.

या अभ्यासातील एक गोष्ट माझ्यासारख्या हिशेबनिसाला विशेष वाटली. मलमाच्या वापरावरून सरोवरात जितके रसायन जमा व्हायला हवे होते, त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी सापडले. लोक मलम अंदाजापेक्षा कमी लावत असावेत, हे एक कारण संभवते. काही रसायन उन्हाने विघटित होत असावे, काही गाळात बसत असावे, हे दुसरे. शिवाय झुरिचच्या सरोवरातून लिमात नदी सतत बाहेर वाहते. थोडक्यात, त्या सरोवराच्या खात्यावर जमेबरोबर खर्चाच्या नोंदीही होत असतात.

तरीही काही शिल्लक उरतेच. यांतील बरीच रसायने पाण्यापेक्षा चरबीत अधिक विरघळतात, म्हणून ती जलचरांच्या शरीरात साठतात. जर्मनीतील आयफेल प्रदेशात मेअरफेल्डर मार नावाचे ज्वालामुखीच्या विवरात साचलेले सरोवर आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभीच तेथील माशांच्या चरबीत सनस्क्रीनचे घटक मिळाले होते. पुढे स्विस सरोवरांतील माशांतही ते मिळाले. प्रयोगशाळेत यांपैकी काही घटकांनी संप्रेरकांसारखे परिणाम दाखवले आहेत; अर्थात ते सरोवरातील प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक मात्रेत.

आता ज्या खात्यावर खर्चाची नोंद जवळजवळ होतच नाही, असे एक सरोवर पाहू. फिलिपिन्सच्या पूर्वेस पॅसिफिक महासागरात पालाऊ हा चिमुकला देश आहे. तेथील एका खडकाळ बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्याचे 'जेलीफिश सरोवर' आहे. चुनखडीतील भेगांतून समुद्राशी त्याचा थोडासा संबंध उरला आहे, एवढेच. सोनेरी जेलीफिश तेथे लक्षावधींच्या संख्येने राहतात आणि सूर्याच्या मागोमाग रोज सरोवराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पोहत जातात. त्यांचा दंश माणसाला जाणवण्याजोगा नसल्याने देशोदेशीचे प्रवासी त्यांच्यामध्ये पोहण्यासाठी येतात. ज्या बेटसमूहात हे सरोवर आहे, त्याला २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

२०१७ साली या सरोवराची तपासणी झाली, तेव्हा सनस्क्रीनची रसायने पाण्यात, तळाच्या गाळात आणि जेलीफिशच्या शरीरातही सापडली. त्याच सुमारास तेथील सोनेरी जेलीफिश जवळजवळ नाहीसे झाले होते. पण त्याचे कारण तीव्र दुष्काळ आणि त्यामुळे बदललेले पाणी हे मानले जाते, आणि पुढे त्यांची संख्या पुन्हा वाढू लागली. सनस्क्रीनच्या नावावर हा दोष लिहिणे अन्यायाचे होईल. मात्र जो जीव एका आपत्तीतून जेमतेम सावरतो, त्याच्या डोक्यावर दुसरा भार का ठेवावा, हा प्रश्न त्या देशाने स्वतःला विचारला. २०१८ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून दहा घटक असलेल्या सनस्क्रीनवर तेथे बंदी आली. विकणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड, आणि प्रवाशाजवळ आढळल्यास माल जप्त. अमेरिकेच्या हवाई राज्यानेही ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची वैद्यकीय चिठ्ठीविना होणारी विक्री १ जानेवारी २०२१ पासून थांबवली.

येथे वाचकांना सावध करणे माझे कर्तव्य आहे. सनस्क्रीन टाकून द्या, असा याचा अर्थ नव्हे. प्रखर उन्हाने त्वचेचा कर्करोग होतो आणि त्यापासून हे मलम रक्षण करते, हे सिद्ध झालेले आहे. पालाऊने दहा घटक वर्ज्य केले, सनस्क्रीन नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ साली दिलेल्या अहवालातही जलचरांवरील धोक्याचे रीतसर मूल्यमापन व्हावे अशी शिफारस आहे. आणि तोवर लोकांनी संरक्षण सोडल्यास काय होईल, याचाही विचार त्यात केला आहे. दोन्ही पारड्यांत वजन आहे.

माझ्या धाकट्या बंधूंचे सौंदर्यप्रसाधनांचे दुकान आहे. त्यांना हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दादा, ट्यूबवर 'रीफ सेफ' छापलेलं असतं. ते बघून गिऱ्हाईक निश्चिंत होतं." आम्ही दोघांनी मिळून चार ट्यूबा उलट्या करून बारीक अक्षरे वाचली. 'रीफ सेफ' या शब्दांची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही. म्हणून खरी माहिती घटकांच्या यादीतच शोधावी लागते. ऑक्सिबेंझोन तेथे 'बेंझोफिनोन-३' या नावाने आणि ऑक्टिनॉक्सेट 'इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट' या नावाने असतो. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली खनिज मलमे हा पर्याय आहे. मात्र त्यांनाही संपूर्ण निर्दोषत्वाचा दाखला मिळालेला नाही. जे ठाऊक आहे तेवढेच गिऱ्हाइकाला सांगावे, असे आमचे ठरले.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र मलमाच्या बाहेरचा आहे. पोहताना लांब बाह्यांचा पोशाख घातला की मलम लागते ते फक्त चेहरा, हात आणि पाय यांना. भर दुपारचे पाणी टाळून सकाळी किंवा उतरत्या उन्हात उतरावे. मलम लावल्यावर लगेच पाण्यात उडी न घेता ते अंगात मुरू द्यावे.

आपल्या घरांत पाणी गाळून वापरतात आणि गाळणीत आलेली जीवाणी जपून त्याच जलाशयात परत सोडतात. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचाही विचार करण्याची ही सवय आपल्याला कोणी नव्याने शिकवायची नाही. कापडाच्या गाळणीतून मात्र हे विरघळलेले रसायन निसटते. ते पाण्यात जाण्यापूर्वीच थांबवावे लागते.

या वर्षी मुले पुन्हा बाहेरगावी निघाली आहेत. सुनेने नातवंडांसाठी लांब बाह्यांचे पोहण्याचे पोशाख आणले आहेत. बॅगेत ट्यूब एकच आहे, आणि परत आल्यावर ती मला दाखवायची असे धाकट्याने कबूल केले आहे.