आखूड केसांची अर्धी बांधणी

धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून वारकरी महाराष्ट्र त्यास ओळखतो. परंतु गोरोबाकाकांच्याही कितीतरी शतके आधी या गावाची कीर्ती समुद्रापार पोहोचली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात ‘तगर’ या नावाने त्याचा उल्लेख असून, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ असे त्याचे वर्णन केलेले आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी या परिसरात आयुष्यभर वेचून जमविलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती आणि त्यांच्या मस्तकांवरील नाना तऱ्हेचे केशालंकार पाहिले म्हणजे, केस नीट बांधण्याची हौस या भूमीत किती जुनी आहे, हे ध्यानी येते.

याच संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी जवळचे साम्य असणारी दुसरी मूर्ती इटलीतील पाँपेई येथे 1938 साली सापडली. हे नगर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तत्पूर्वीच ती मूर्ती भारतातून तिकडे गेलेली असली पाहिजे. पाँपेईच्या त्या सुंदरीच्या दोन्ही अंगांस प्रसाधनाची पात्रे हाती घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी उभ्या आहेत. केशरचना हे एकटीच्या हातचे काम नव्हे, त्यास मदतनीस हवी आणि सवडही हवी, अशीच जणू त्या काळाची समजूत होती.

आजच्या गृहिणीजवळ, कचेरीत अगर शाळेत जाणाऱ्या स्त्रीजवळ आणि महाविद्यालयातील मुलीजवळ ना दासी, ना सवड. शिवाय पुष्कळ जणींचे केस आता कंबरेपर्यंत नसून खांद्यापर्यंत, हनुवटीपर्यंत किंवा त्याहूनही आखूड असतात. अशा केसांची वेणी येत नाही आणि अंबाडाही बसत नाही. मोकळे सोडले तर वाऱ्याने तोंडावर येतात. या अडचणीतून निघालेली सोपी वाट म्हणजे अर्धी बांधणी. माथ्यावरचे व कपाळालगतचे केस मागे घेऊन बांधावयाचे आणि मानेवरचे तसेच मोकळे ठेवावयाचे, एवढेच तिचे मर्म. मुली तिला ‘हाफ पोनी’ म्हणतात.

कृतीकडे वळण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. आखूड केस पाहताच घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या कपाळी आठी का पडते? त्यास केवळ जुन्या आवडीनिवडीचे नाव देणे अन्यायाचे होईल. मराठी घरांत स्त्रीचे केस कापले जाण्याचे प्रसंग एकेकाळी फारसे सुखाचे नसत. दीर्घ आजारात केस काढीत. काही जातींत नवरा गेला की केशवपन होई, आणि ते त्या अभागिनीच्या इच्छेने होत नसे. या क्रूर रूढीविरुद्ध 1890 साली मुंबईतील न्हावी बांधवांनी सभा भरवून, विधवांचे केस आपण उतरणार नाही असा निश्चय केला; कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव या प्रसंगाशी जोडलेले आहे. पुढे 1896 साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि अशा स्त्रियांस शिक्षणाची वाट मोकळी झाली. ज्या आजीने आपल्या घरी एखादी केशवपन झालेली आत्या पाहिली असेल, तिला नातीच्या आखूड केसांत अशुभ दिसावे यात नवल नाही. केस म्हणजे सौभाग्य आणि केस गेले म्हणजे सर्व गेले, असा तो हिशेब होता.

आज मुलगी केस कापते ती आपल्या खुशीने, आणि येथेच सारा फरक पडतो. सोयीची बाजूही लहान नाही. धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेतला. शेजारच्या लातूर शहरास 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले होते, ही गोष्ट या भागात कोणी विसरलेले नाही. लांब केस शिकेकाई-रिठ्याने धुवून स्वच्छ निघेपर्यंत किती बादल्या रिकाम्या होतात, हे टँकरची वाट पाहिलेल्या घरास निराळे सांगावयास नको.

आता अर्धी बांधणी आखूड केसांवर टिकते कशी, ते पाहू. केस मागे एका ठिकाणी बांधावयाचे तर प्रत्येक केसाने त्या ठिकाणापर्यंत पोहोचले पाहिजे. मानेवरचे केस टाळूच्या मागच्या भागापासून सर्वांत दूर असतात. ते आखूड असले की वर पोहोचत नाहीत आणि सुटून लोंबू लागतात. माथ्यावरच्या केसांस मात्र थोडेच अंतर कापावे लागते. म्हणून जे पोहोचतात तेवढेच बांधावे आणि बाकीच्यांस त्यांच्या जागी राहू द्यावे. विभागणी करताना दोन्ही कानांच्या वरच्या टोकांपासून डोक्याच्या मागे एक आडवी रेघ कल्पावी; रेघेच्या वरचे केस बांधणीचे, खालचे मोकळे. केस विरळ असतील तर ही रेघ थोडी वर घ्यावी, म्हणजे खाली मोकळे केस भरपूर दिसतात.

दुसरी गोष्ट पकडीची. नुकतेच धुतलेले केस गुळगुळीत असल्यामुळे आकडे निसटतात. न्हाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेच केस चांगले धरतात. घाई असेल तर बोटांची टोके किंचित ओली करून केसांवरून फिरवावी. पिनेची एक बाजू नागमोडी आणि एक सरळ असते. नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवावी, कारण केस धरून ठेवण्यासाठीच ती तशी केलेली असते. एकच पिन सरकते. दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर घातल्या म्हणजे हलत नाहीत.

खांद्यापर्यंत केस असणारीने सर्वांत साधी रीत आरंभास करून पाहावी. वरचे केस मागे घेऊन रबराने बांधावे, त्यांतलीच एक बारीक बट घेऊन रबराभोवती गुंडाळावी आणि तिचे टोक पिनेने आत खोचावे. रबर झाकले जाते आणि बांधणीस नीटनेटकेपणा येतो. यास दोन मिनिटे पुरतात. याच बांधणीचे थोडे निराळे रूप हवे असेल तर रबर जरा सैल बांधावे, त्याच्या वरच्या केसांत बोटांनी फट पाडावी आणि बांधलेला झुपका वरून त्या फटीत घालून खाली ओढून घ्यावा. दोन्ही बाजूंस आपोआप पीळ पडतो आणि पाहणारास वाटते की बराच वेळ खर्चिला आहे.

हनुवटीपर्यंतच्या केसांस, म्हणजे ज्यास बॉबकट म्हणतात त्यास, पिळाची रीत सोयीची. दोन्ही कानशिलांजवळून दोन-दोन बोटे रुंद बट घ्यावी, ती चेहऱ्यापासून दूर मागच्या दिशेने पिळीत न्यावी आणि मागे दोन्ही पीळ एकमेकांवरून ओलांडून फुलीच्या पिनांनी बसवावे. केस फारच सुळसुळीत असतील तर पीळ घालण्यापूर्वी बटेस थेंबभर खोबरेल चोळावे. अधिक तेलाने मात्र पीळ घसरतो.

कानापर्यंतच्या केसांस, किंवा बॉयकट वाढत असताना मधल्या अवघड महिन्यांत, आडवी सागरवेणी उपयोगी पडते. भांगाच्या एका बाजूस कपाळालगत तीन बारीक पेड घ्यावे आणि वेणी घालीत कानाकडे जाताना दर वेढ्यास माथ्यावरचे थोडे नवे केस त्यात मिसळावे. कानामागे टोक पिनेने दाबावे. बोटभर लांबीचे केसही या वेणीत धरले जातात. पहिल्या चार दिवशी बोटे अडखळतील. सवय झाली की पाच मिनिटांत काम होते.

उन्हाळ्यात टाळूवर लहानसा बुचडा घालून त्यास क्लचर लावले तरी चालते. मान झाकलेली राहते आणि कपाळ मोकळे होते. सणावारी गजरा माळण्याची हौसही राखता येते. बांधणीच्या जोडावर वीतभर गजरा अर्धवर्तुळाने ठेवावा आणि दोन्ही टोके आकड्यांनी बसवावी. जड वेणीचा भार मात्र आखूड केसांवर टाकू नये. ती आपल्या वजनाने बांधणी सोडविते.

काही पथ्येही पाळावी लागतात. रोज एकाच जागी ताणून बांधल्याने कपाळाची व कानशिलांची रेघ मागे सरकत जाते आणि तेथील केस विरळ होतात. हा ताण दीर्घकाळ राहिला तर मुळे कायमची निकामी होऊ शकतात. बांधणी झाल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर ती घट्ट झाली, असे समजावे. उघडे रबर केसांत अडकून ते तोडते. त्यावर कापड गुंडाळलेले असावे. ओले केस लवकर ताणले जाऊन तुटतात, म्हणून ते वाळल्यावर बांधावे आणि ओले असता मोठ्या दातांच्या कंगव्यानेच विंचरावे. लहान मुलींच्या डोक्यात खोचण्याच्या पिनांची टोके गोल आहेत ना, हे पाहण्यास विसरू नये.

येथवर हा विषय हौसेचा आणि सोयीचा वाटेल. परंतु काही स्त्रियांच्या बाबतीत या दोन पिनांचे मोल फार मोठे आहे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात अजूनही एखाद्या बाईच्या केसांत जट झाली की ती देवीची खूण मानली जाते. वास्तविक केस बरेच दिवस विंचरले गेले नाहीत, घाम, तेल आणि धूळ साचली, मध्येच आजारपण किंवा बाळंतपण आले, की केस एकमेकांत गुंतून त्यांचा दोर वळतो. त्यात दैवी असे काहीच नाही. तरी भीतीपोटी तो दोर कापला जात नाही. वर्षानुवर्षे त्याचे ओझे मानेस सोसावे लागते, त्यात उवा होतात, त्वचेस जखमा होतात आणि बाईच्या वाट्यास दुरावा येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक स्त्रियांस समजावून, त्यांच्या संमतीने, त्यांच्या जटा कापल्या आहेत.

जट कापली की मान हलकी होते. पण दुसऱ्या दिवशी आरशात दिसतात ते अगदी आखूड, उभे राहणारे केस. इतकी वर्षे ज्या भीतीने कात्री लागू दिली नाही, ती भीती आता लोक काय म्हणतील या रूपाने समोर येते. औषधोपचारांमुळे केस गेलेल्या आणि ते पुन्हा उगवू लागलेल्या कर्करोगाच्या रुग्णाचीही अवस्था अशीच असते. केस महिन्यास साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. मुळाशी कापलेले केस बोटभर व्हावयास सहा-सात महिने लागतात आणि खांद्यावर येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ जातो. तोवर डोक्यावर पदर किंवा रुमाल घेऊन घरातच बसावयाचे काय?

अशा वेळी घरातील कोणी तरी, बहीण, सून किंवा शेजारीण, पाठीशी उभी राहून त्या बोटभर केसांची आडवी वेणी घालून देईल आणि कानामागे पिन खोचील, तर ती बाई उंबरठा ओलांडून बाजारात जाईल. पाँपेईच्या मूर्तीजवळच्या त्या दोन दासींचे काम शेवटी हेच होते. फरक एवढाच, की येथे ते आपलेपणाने होते. केस लांब आहेत की आखूड, ही गोष्ट काळाच्या आणि आवडीच्या हातची आहे. ते स्वच्छ असणे, नीट बांधलेले असणे आणि ज्याचे त्याच्या इच्छेने असणे, हे प्रत्येक घरास आजच साधण्यासारखे आहे. नातीच्या बॉबकटवर आजीने स्वतःच्या हाताने एक पिन खोचून दिली, तर पुढच्या कैक वर्षांची कुरबूर त्या एका पिनेने मिटेल.